आईंचा गुडघा, भाद्रपद ते मार्गशीर्ष

माझ्या सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण २३ सप्टेंबर २०२४ ला झालं. आम्ही त्यांना आईच म्हणतो, इथंही तसंच लिहिते. त्यांचं वय ६८. ऑपरेशन ठरलं तेव्हा मी ज्याला त्याला विचारत होते, "नंतर घरी काय काय करावं लागतं?" उत्तर एकच यायचं, "काही नाही, दुसऱ्या दिवशी चालवतात." चालवतात हे खरंच आहे. पण त्यानंतरचे दोन-अडीच महिने कसे जातात ते कुणी नीट सांगितलं नाही, आणि आमचे ते महिने नेमके सणांचे निघाले. कुणाच्या घरी असं काही ठरत असेल तर उपयोग होईल म्हणून सगळं लिहून ठेवते आहे. खर्च आमचा आहे, तुमचा कमीजास्त होईल.

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. घर जुनं, खालीवर मिळून चार खोल्या, मध्ये छोटा चौक, संडास भारतीय पद्धतीचा. आई दर शुक्रवारी चालत अंबाबाईला जायच्या. दोन वर्षांपूर्वी चालणं रिक्षावर आलं, नंतर महिन्यातून एकदा, मग बंदच. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले ग्रेड चार, म्हणजे गादी पूर्ण झिजून हाडाला हाड लागतंय. दुसऱ्या डॉक्टरांकडेही दाखवलं, तेही तेच म्हणाले. तरी आई तयार नव्हत्या. "आता कशाला गं एवढं? आहे तसं चाललंय की." चाललेलं नव्हतं. रात्री कूस बदलताना त्यांचा आवाज शेजारच्या खोलीत मला ऐकू यायचा. महिनाभर मीच त्यांच्या मागे लागले. हे आत्ता सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

गौरी-गणपती झाल्याशिवाय काही नाही, ही त्यांची अट. गौरी विसर्जन १२ सप्टेंबरला झालं आणि १३ ला शुक्रवारी सकाळी उपाशीपोटी तपासण्यांना गेलो. रक्त, लघवी, ईसीजी, टू-डी इको, छातीचा एक्स-रे, आणि दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा. दातात किंवा लघवीत जंतुसंसर्ग असला तर तो नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतो, म्हणून हे आधी बघतात. नेमका लघवीत संसर्ग निघाला. सात दिवस गोळ्या, पुन्हा तपासणी. त्या आधीच्या दोन भेटी, या सगळ्या तपासण्या आणि औषधं मिळून ६,९५० रुपये झाले. ही बिलं जपून ठेवा, आमच्या पॉलिसीत ऑपरेशनआधीच्या ३० दिवसांचा खर्च धरतात.

संसर्गामुळे तारीख पुढे गेली ती थेट २३ सप्टेंबरवर, म्हणजे पितृपक्षात. आई म्हणाल्या, "पक्षात नको बाई." हॉस्पिटलला मात्र त्या पंधरवड्यातच तारखा मोकळ्या होत्या, बाकीचेही हाच विचार करत असणार. नवरात्रानंतर ढकललं असतं तर दिवाळी अंथरुणात गेली असती. शेवटी आमच्या भटजींना फोन लावून आईंच्या हातात दिला. मामंजींचं श्राद्ध तिथीला जमलं नाही तरी सर्वपित्री अमावास्येला घालता येतं, असं त्यांनी समजावलं, तेव्हा त्या गप्प झाल्या. हो म्हणाल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतःची पिशवी भरायला घेतली.

आता इन्शुरन्स. आमची पॉलिसी तीन लाखांची, पाच वर्षं झालेली. काढताना आईंचं वय साठच्या वर होतं म्हणून १० टक्के को-पे, म्हणजे मंजूर खर्चातला दहावा हिस्सा आपण भरायचा. सांधेरोपणाला बऱ्याच पॉलिसींत सुरुवातीची काही वर्षं वाट बघावी लागते, ती आमची संपली होती. सगळ्यात महत्त्वाची ओळ आम्हाला शेवटच्या पानावर सापडली: खोलीचं भाडं दिवसाला विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये. स्वतंत्र खोली ४,५०० ची होती. मला वाटलं, वरचे दीड हजार आपण भरू. तसं नसतं. जास्त भाड्याची खोली घेतली की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे इतर खर्चही त्याच प्रमाणात कापतात. म्हणून दोन पेशंटची खोली घेतली, २,८०० रुपयांची. खोली ठरवण्याआधी पॉलिसीतली ही ओळ तेवढी वाचाच.

कॅशलेसचा, म्हणजे विमा कंपनीने बिल थेट हॉस्पिटलला भरण्याचा, अर्ज १८ तारखेला हॉस्पिटलच्या खिडकीवरून गेला. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसचा निर्णय एका तासात द्यायचा असतो. आम्हाला दोन तासांनी प्रश्न आला: दुखणं कधीपासून आहे, पहिल्या तपासणीचा कागद आणि तारीख असलेला एक्स-रे पाठवा. पहिला कागद दोन वर्षांपूर्वीचा होता आणि तो आईंच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली मिळाला. मंजुरी २० तारखेला आली. आधार, पॉलिसीची प्रत, पॅन, जुने सगळे कागद आणि एक्स-रे एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवले असते तर हे दोन दिवस गेले नसते.

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही. रविवारी संध्याकाळी भरती केलं, सोमवारी सकाळी आठला आत नेलं, साडेदहाला डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले व्यवस्थित झालं. मंगळवारी दुपारी वॉकर धरून त्या दारापर्यंत चालल्या. ते बघून मला वाटलं, झालं, सुटलो.

शुक्रवारी २७ ला सकाळी नऊला घरी सोडतो म्हणाले. विमा कंपनीची शेवटची मंजुरी यायला संध्याकाळचे पावणेसहा वाजले. नियमात तीन तास आहेत. तिथं भांडत बसायची ताकद आमच्यात नव्हती आणि आई कपडे बदलून पलंगाच्या कडेला बसून होत्या. आदल्या रात्रीच बिलिंगच्या खिडकीवर जाऊन "उद्याचे कागद आजच तयार करा" म्हणून सांगा, आणि त्या दिवशीचं दुपारचं जेवण, गोळ्या आणि उशी सोबत ठेवा. एकूण बिल २,०६,४८० रुपये. त्यातले हातमोजे, नोंदणी वगैरे ७,४८० रुपये पॉलिसीत बसत नाहीत. उरलेल्या १,९९,००० वर को-पे १९,९००. म्हणजे आम्ही भरले २७,३८०. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवलेल्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली आहे, त्यामुळे बिलात इम्प्लांटची रक्कम वेगळी दाखवलेली आहे ना हे बघा आणि त्याचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या.

घरी आधीच काही गोष्टी करून ठेवल्या होत्या. वॉकर ९५० रुपयांना, कमोडची खुर्ची २,४०० ला, बाथरूममध्ये दोन दांडे, जमिनीवरच्या गोधड्या-पायपुसणी सगळी गुंडाळून वर. आईंचा पलंग खालच्या खोलीत आणला. एक विसरलो होतो: स्वयंपाकघर आणि चौक यांच्यामधला उंबरा. साडेचार इंचांचा उंबरा, पण पहिल्या रात्री वॉकर तिथं येऊन थांबला आणि आई घाबरून थरथरायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सुताराकडून लाकडी उतरण करून घेतली. रुग्ण घरी यायच्या आधी तुम्ही स्वतः वॉकर घेऊन पलंगापासून संडासापर्यंत चालून बघा. कुठं अडतंय ते लगेच कळतं.

आणि मग खरे दिवस सुरू झाले. फिजिओथेरपिस्ट घरी येणार होत्या, एका वेळचे ४०० रुपये, पहिले तीन आठवडे रोज. झोपून पावलं वरखाली हलवायची. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा. टाच गादीवरून घासत मागे ओढायची. सांगायला किती सोपं! टाच मागे ओढताना आईंच्या कपाळावर घाम यायचा आणि त्या हातातल्या पदराचा पीळ करायच्या. घरी आल्या तेव्हा गुडघा ७० अंश वाकत होता. व्यायामाच्या अर्धा तास आधी वेदनेची गोळी, व्यायाम झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं बर्फाची पिशवी, हा क्रम बसला आणि जरा निभायला लागलं. एक चूक मात्र माझ्याकडून झाली. त्यांना बरं वाटावं म्हणून मी रात्री गुडघ्याखाली उशी ठेवत होते. तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बाईंनी ती बघितली आणि लगेच काढायला लावली. गुडघा वाकलेलाच राहतो, मग पाय सरळ होत नाही. वाकण्याइतकंच सरळ होणंही महत्त्वाचं. उशी ठेवायचीच तर टाचेखाली.

घरी आल्यावरची चौथी रात्र. दोन वाजले असतील. आई जाग्याच होत्या. मी पाणी दिलं तर घेतलं नाही. भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तू म्हणालीस म्हणून केलं मी." आवाज चढवून नाही, अगदी हळू. मला काही बोलता आलं नाही. मी पाय दाबत बसले, डावा, चांगला. त्या रडत होत्या हे मला पाठीवरून कळत होतं. दुसऱ्या दिवशी मी चौकात जाऊन फोनवर फिजिओथेरपिस्टना हे सांगितलं तेव्हा माझाच आवाज फुटला. त्या म्हणाल्या, दुसऱ्या आठवड्यात बहुतेक सगळे असंच म्हणतात. झोप लागत नाही, दुखणं कमी होत नाही, पाय आपला वाटत नाही. यात बिघडलं असं काही नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र मला इतकी जड गेली नसती. पोटरी दुखून सुजली, ताप आला, टाक्यांतून पाणी आलं तर ताबडतोब डॉक्टर. बाकी रडणं, चिडणं, झोप न लागणं हे त्या दिवसांचं आहे, आणि ते जातं.

२ ऑक्टोबरला सर्वपित्रीला श्राद्ध घातलं. आईंनी खुर्चीवर बसून पानं वाढायच्या सूचना दिल्या. ३ ला घटस्थापना.

चाळीस वर्षं घट आईंनीच बसवला. पत्रावळीवर माती पसरून त्यात धान्य पेरायचं, कलश ठेवायचा, रोज माळ चढवायची, हे सगळं जमिनीवर बसून. आता मांडी घालणं बंद. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, यापुढे जमिनीवर बसण्याचा हट्ट नको. आईंनी विचारलं नाही, पण मला कळत होतं की त्या घट टेबलावर मांडायला नको म्हणणार. तो जागेवरच ठेवला. पेरलं मी, आणि माळ करायची त्यांनी. उंच खुर्चीवर बसून, पाय स्टुलावर सरळ, मांडीवर सूप. पहिल्या दिवशी झेंडू, मग कारळ्याची पिवळी फुलं मिळाली. माळ होईपर्यंत पाय वीस-पंचवीस मिनिटं आपोआप सरळ राहायचा, आणि त्या वेळेत एकदाही त्यांनी "दुखतंय" म्हटलं नाही. फिजिओथेरपिस्टनी हे बघितलं आणि सकाळच्या व्यायामाची वेळच माळेला जोडून टाकली.

उपवासावरून मात्र ताणलं. नऊ दिवस कडक उपवास त्यांचा ठरलेला, आणि इकडे साखर आहे, जखम भरायची आहे, प्रथिनं हवीत. शेवटी उठता-बसता उपवासावर आल्या. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी. मधल्या दिवसांत मुगाचं धिरडं, ताक, उसळ.

७ तारखेला टाके काढले. टाके म्हणजे स्टेपल, सव्वीस होते. कात्रीसारख्या चिमट्याने एकेक उघडतात, मुंगी चावल्यासारखं होतं म्हणाल्या. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर असते, तेही नेहमीचं. गुडघा ८५ अंश वाकत होता.

अष्टमीच्या रात्री अंबाबाई वाहनातून नगरप्रदक्षिणेला निघते. महाद्वारातून गुजरी, भाऊसिंगजी रोड, भवानी मंडप करत मिरजकर तिकटीकडून वळून परत देवळात. आमच्या गल्लीच्या तोंडावरून ती जाते. दरवर्षी आई रात्री रस्त्यावर रांगोळी घालायच्या. त्या दिवशी संध्याकाळपासून त्यांचं बोलणं कमी झालं होतं. माझी मुलगी आठवीत आहे. तिने चौकातून गल्लीच्या तोंडापर्यंतची पावलं मोजली आणि आत येऊन म्हणाली, "आज्जी, तुझी एकशे चाळीस होतील. सकाळी तू घरात ऐंशी चाललीस." आईंनी माझ्याकडे बघितलं. मी फिजिओथेरपिस्टना फोन केला. त्या म्हणाल्या, मध्ये खुर्ची ठेवा आणि जाऊ दे.

नवरा खुर्ची घेऊन पुढे, मुलगा टॉर्च धरून, मी मागे हात न लावता. वॉकर, ऑपरेशनचा पाय, चांगला पाय. वॉकरच्या मुठी हाताला घासतात म्हणून आईंनी त्यांना आपल्या जुन्या खणाच्या चोळीच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. जांभळा खण, कडेला लाल काठ. दिव्याखाली तेवढ्याच त्या मुठी दिसत होत्या, त्यावर त्यांची बोटं घट्ट. साठाव्या पावलाला बसल्या. पाणी प्यायल्या. शेजारच्या वहिनी दार उघडून बाहेर आल्या, मग आणखी दोघी, आणि कुणी काही न बोलता आमच्याबरोबर चालायला लागल्या. तोंडापाशी पोचलो तेव्हा रांगोळी पूर्ण होत आली होती. एका मुलीने रंगाची वाटी आईंपुढे धरली. खुर्चीवरून हात पोचेना, तर तिने त्यांची चिमूट आपल्या ओंजळीत घेतली आणि तोच रंग कमळाच्या मधल्या टिंबावर सोडला.

फुलांनी भरलेलं वाहन आलं, थोडा वेळच दिसलं. आई उठून उभ्या राहिल्या, एक हात वॉकरवर आणि एक कपाळाला. परत येताना त्यांनी खुर्ची मागितली नाही. त्या रात्री पाय सुजला, दोनदा बर्फ लावावा लागला, पण झोपल्या सलग पाच तास. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

खंडेनवमीला मुलाने शस्त्रांच्या पूजेत विळी, शिलाई मशीन आणि वडिलांच्या गाडीशेजारी वॉकरही आणून ठेवला. आईंनीच त्याला हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूची माळ घातली.

दसऱ्याला, १२ तारखेला, दसरा चौकातला सोहळा मोबाइलवर बघितला. सोनं द्यायला येणाऱ्यांची रीघ लागली. इथं एक सांगते, भेटायला येणाऱ्यांची वेळ ठरवून टाका. प्रेमाने येतात सगळे, पण बसून राहतात, आणि पेशंटला पाय खाली सोडून तासभर बसावं लागतं. आम्ही पाच ते सात सांगितलं होतं आणि दाराशी हात धुवायला पाणी-साबण ठेवलं होतं. कोजागिरीला दरवर्षी गच्चीवर जातो, यंदा जिना शिकवला नव्हता म्हणून दूध चौकात आटवलं. चंद्र चौकात यायला साडेअकरा वाजले. आला तेव्हा पातेल्यात दिसला.

२० ऑक्टोबर, रविवार, पहिल्यांदा गाडीतून बाहेर. रंकाळ्यावर. गाडीत बसवण्याची एक पद्धत आहे: पुढची सीट पूर्ण मागे सारायची, सीटवर प्लॅस्टिकची पिशवी पसरायची, पेशंटने पाठमोरं होऊन आधी बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत फिरवायचे. पिशवीमुळे अंग सहज सरकतं. पाण्याकाठी बाकावर अर्धा तास बसलो. ऑक्टोबरचं ऊन उतरत होतं, मुलांनी भेळ आणली. आईंना कांद्याची जास्त हवी होती ती बदलून आणली. दुसऱ्या दिवशी, सोमवारपासून फिजिओथेरपिस्टचं घरी येणं बंद करून आम्हीच क्लिनिकला जायला लागलो, एका वेळचे २५० रुपये. तिथं जिना शिकवला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी.

दिवाळीचा फराळ हा आईंचा. भाजणीचं माप त्यांच्या तोंडात होतं, कधी लिहिलेलंच नव्हतं: चार वाट्या तांदूळ, दोन हरभऱ्याची डाळ, एक मुगाची, अर्धी उडदाची, मूठभर धणे, जिरे. सगळं वेगवेगळं भाजायचं. हे मी पहिल्यांदा वहीत उतरवून घेतलं. एरवी करंज्या जमिनीवर गोल बसून व्हायच्या, यंदा डायनिंग टेबलावर झाल्या. आई लाटत होत्या, मी भरत होते, मुलगी कातत होती. अर्ध्या तासाने उठून दोन फेऱ्या मारायच्या, परत बसायचं. मोबाइलवर गजर लावला होता, कारण बोलत बसलं की वेळ जातो आणि पाय अवघडतो. मुलाचा किल्ला चौकात झाला, पन्हाळा. माची कुठं हवी हे आईंचं खुर्चीवरून काठीने दाखवणं चालू होतं. काठी! वॉकर सुटून काठी हातात आली होती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान पाटावर न बसता प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. भाऊबीजेला मामा आले तेव्हा त्यांनीच आपला पाट बाजूला सारला, खुर्ची ओढली, आणि बहीण-भाऊ समोरासमोर खुर्च्यांवर बसून ओवाळणी झाली.

४ नोव्हेंबरला सहा आठवड्यांची तपासणी. १०८ अंश. एक्स-रे चांगला. ९ ते ११ नोव्हेंबरला देवळात किरणोत्सव असतो, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट मूर्तीपर्यंत जातात. त्यांना न्यावं असं फार वाटलं, पण त्या गर्दीत एक धक्का लागला तर, म्हणून घरीच बघितला. २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं. शाळेत उतरण होती, चाकाची खुर्चीही ठेवली होती. आई काठीने चालत गेल्या.

देवळात गेलो २७ नोव्हेंबरला, बुधवारी सकाळी. शुक्रवार-मंगळवार टाळला. आदल्या दिवशी मी एकटी जाऊन कोणत्या दरवाज्याला पायऱ्या कमी, कठडा कुठं आहे, कुठं बसता येईल हे बघून आले होते. उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. ओटी आईंनी स्वतः उभं राहून भरली. बाहेर येऊन आवारात बसलो. "पुढच्या शुक्रवारी रिक्षाने ये म्हणाली, चालत नको," असं त्या देवीनेच सांगितल्यासारख्या म्हणाल्या. मी हो म्हटलं.

कागदांचं राहिलेलं. आमच्या पॉलिसीत घरी आल्यानंतरच्या ६० दिवसांचा खर्चही मिळतो. फिजिओथेरपी घरी २१ वेळा ८,४०० आणि क्लिनिकला १२ वेळा ३,०००, औषधं-एक्स-रे ४,१५०, आणि आधीचे ६,९५०. एकूण २२,५००. २९ नोव्हेंबरला सगळं पाठवलं. ६ डिसेंबरला प्रश्न आला: फिजिओथेरपीचा सल्ला डॉक्टरांनी लेखी दिलेला कुठं आहे? डिस्चार्ज कार्डावर "व्यायाम चालू ठेवा" एवढंच होतं. डॉक्टरांकडून वेगळी चिठ्ठी आणली, किती आठवडे ते लिहून. घरी सोडतानाच ही चिठ्ठी मागून घ्या, आणि फिजिओथेरपिस्टच्या पावतीवर तारखा व नोंदणी क्रमांक असू द्या. १७ डिसेंबरला को-पे वजा जाऊन २०,२५० रुपये खात्यात आले. वॉकर, कमोडची खुर्ची, दांडे, बर्फाच्या पिशव्या यांचे पैसे मिळत नाहीत.

गुडघा अजून संध्याकाळी गरम लागतो. डॉक्टर म्हणाले काही महिने लागेल. डाव्या गुडघ्याचं काय, हा विषय आम्ही कुणीच अजून काढलेला नाही.

परवा शेजारच्या वहिनी आल्या होत्या, अष्टमीला आमच्याबरोबर चाललेल्या. त्यांचीही तारीख ठरली आहे, संक्रांतीनंतरची. आईंनी कोपऱ्यातला वॉकर मागवला आणि मुठींवरच्या खणाच्या पट्ट्या सोडवून धुवायला टाकल्या. वाळल्यावर संध्याकाळी पुन्हा गुंडाळल्या, यावेळी जरा जाड, कारण वहिनींचे हात मोठे आहेत. मग त्यांना चौकात उभं केलं.

"पहिलं वॉकर," आई म्हणाल्या. "मग ऑपरेशनचा पाय. मग चांगला. बघू, चाल."

वहिनी उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"सुताराचा नंबर देते," आई म्हणाल्या.